विचारपूस

ऑक्टोबरातली दुपार होती. आमच्या विद्यापीठातल्या, परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या इंटरनॅशनल ऑफिसच्या अरुंद कॉरिडॉरमधून मी छातीशी फायलींचा गठ्ठा धरून चालले होते, आणि समोरून तो येत होता. उझबेकिस्तानहून ऑगस्टमध्ये आलेला, पहिल्या वर्षाचा, एकोणीस वर्षांचा मुलगा. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, पाठीवरच्या सॅकचे दोन्ही पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरलेले. मी हसून म्हटलं, ‘हाऊ आर यू?’ आणि पुढे गेले. अमेरिकेत हे असंच म्हणतात, चालता चालता, पावलाची गती न मोडता. समोरचा ‘गुड, गुड’ म्हणतो आणि तोही पुढे जातो. मी कोपऱ्यापाशी पोचले, फायलींमधला एक कागद निसटला, तो उचलायला वाकले आणि सहज मागे पाहिलं. तो अजून तिथेच उभा होता. माझ्याकडे तोंड करून, ओठ जरासे उघडे, म्हणजे वाक्य सुरू झालेलं होतं. मी विचारलं होतं, म्हणून तो सांगायला लागला होता. आमची नजरानजर झाली तसं त्याने वाक्य गिळलं, हात हलवला, हसला आणि दारातून बाहेर पडला.

मला मीटिंगला उशीर होत होता. मी कागद उचलला आणि गेले.

दहा-बारा दिवसांनी रजिस्ट्रारकडून नेहमीची यादी आली. दर सत्रात येते. कोणत्या परदेशी विद्यार्थ्याची क्रेडिट्स किती, कोण कुठे कमी पडतंय, याची. त्यात त्याचं नाव होतं. बाराची नऊ झाली होती. एफ-१ व्हिसावर पदवीला शिकणाऱ्या मुलाला सत्रात किमान बारा क्रेडिट्स घ्यावी लागतात, त्याखाली जायचं तर आधी आमची परवानगी लागते. आधी, हा शब्द महत्त्वाचा. त्याने रात्री खोलीत बसून लॅपटॉपवर ‘ड्रॉप’चं बटण दाबलं होतं आणि एक विषय सोडून दिला होता. तारीख पाहिली. आम्ही कॉरिडॉरमध्ये भेटलो त्याच दिवसाची रात्र होती. मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. नियमात याची सोय आहे. नव्याने आलेल्या मुलाला भाषा जड जात असेल, वाचनाचा भार झेपत नसेल, इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसेल, चुकीच्या पातळीच्या वर्गात बसवलं गेलं असेल, तर आमच्यासारख्या ॲडव्हायझरला एका सत्रापुरती सवलत देता येते. एक फॉर्म, एक सही, दहा मिनिटांचं काम. तो दुपारी माझ्यासमोर उभा होता, तोंड उघडून उभा होता, आणि ती दहा मिनिटं मी फायलींसकट घेऊन गेले होते.

या कामात मला बरीच वर्षं झाली. त्याआधी मी स्वतः अशीच एक मुलगी होते. माझा पहिला ऑगस्ट मला रंगांनी आठवत नाही, आवाजांनी आठवतो. वसतिगृहाच्या खोलीतल्या एसीची घरघर, जिन्यात सतत आपटणारं लोखंडी दार, आणि चार दिवस चाललेल्या ओरिएंटेशनमधल्या टाळ्या. प्रत्येक भाषणानंतर टाळ्या वाजत. मला निम्मं कळत नसे, तरी मी वाजवत असे. विमानतळावर मला घ्यायला एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, विद्यापीठाच्या स्वयंसेवक यादीतल्या. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. गाडीत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. खोलीवर आल्यावर त्यांनी बॅगा आत ठेवल्या, स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘आधी घरी कळव. मी खाली गाडीत आहे, घाई नाही.’ आणि दार ओढून घेऊन खरंच गेल्या. त्यांच्या जाण्यातली समजूत मला तेव्हा उमगली नाही. आईशी बोलून मी मनसोक्त रडले, तोंड धुतलं, खाली गेले. त्या मासिक वाचत बसल्या होत्या. गाडीतला छोटा दिवा लावून, चष्मा नाकावर ओढून. माझ्या डोळ्यांकडे न बघता त्यांनी फोन घेतला आणि सांगितलं, थंडीचा कोट नसेल तर ऑफिसात कपाट आहे, तिथून घे.

ते कपाट अजून आहे. जाणारी मुलं आपले कोट, टोप्या, बूट ठेवून जातात आणि येणारी घेऊन जातात. माझ्या वाट्याला एक गडद निळा कोट आला होता, बाह्या दोन बोटं लांब. नोव्हेंबरात पहिल्यांदा बर्फ पडलं त्या दिवशी मी तो घातला आणि आतल्या खिशात हात घातला तर चौकोनी घडी केलेला एक कागद लागला. कोरियन अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. एकाखाली एक नऊ ओळी, त्यांतल्या सहा रेघ मारून खोडलेल्या. सामानाची यादी असेल, कामांची असेल. मी कोणाकडून वाचून घेतली नाही. कशी कोण जाणे, पण तिच्या त्या तीन न खोडलेल्या ओळींचा मला आधार वाटायचा. माझ्याआधी कोणीतरी याच कोटात हात घालून याच थंडीत उभं होतं आणि त्याचीही तीन कामं राहिलेली होती. दोन वर्षांनी कोट परत ठेवताना मी तो कागद जिथे होता तिथे ठेवला आणि त्याच्यासोबत माझी एक मराठीतली यादीही घडी करून सरकवली.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने काहीतरी करावं, ही कल्पना कुठून आली याची एक गोष्ट आम्हा लोकांमध्ये नेहमी सांगितली जाते. १९०९ साल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या. हॅरी एडमंड्स नावाचा, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचं काम करणारा एक तरुण चढत होता आणि एक चिनी विद्यार्थी उतरत होता. एडमंड्स सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला आणि पुढे गेला. तो विद्यार्थी थांबला आणि म्हणाला की माझ्याशी बोललात, आभारी आहे, मी तीन आठवडे न्यूयॉर्कमध्ये आहे आणि माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. गोष्ट इथवर सगळे सांगतात आणि मग थेट १९२४ वर येतात, जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्या पैशातून न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिलेल्या इंटरनॅशनल हाऊसवर, देशोदेशींच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर. मला मात्र मधली दोन-चार पावलं महत्त्वाची वाटतात. एडमंड्स तोवर पुढे गेलेला होता. तो मागे फिरला. घरी जाऊन त्याने बायकोला हे सांगितलं आणि फ्लॉरेन्स एडमंड्स यांनी रविवारी संध्याकाळी मुलांना घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. इमारत नंतरची. आधी एक माणूस अर्ध्या जिन्यावरून मागे वळला होता आणि एका बाईने टेबलावर जास्तीच्या ताटल्या मांडल्या होत्या.

मी कॉरिडॉरच्या कोपऱ्यातून मागे पाहिलं होतं. वळले नव्हते.

एडमंड्सबद्दल आणखी एक गोष्ट मला फार आवडते. दुसरं इंटरनॅशनल हाऊस कॅलिफोर्नियात, बर्कलीला बांधायचं ठरलं तेव्हा त्याने मुद्दाम पीडमाँट ॲव्हेन्यूवरची जागा निवडली. त्या रस्त्यावर फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आणि विद्यार्थिनींच्या खाजगी मंडळांची घरं होती, आणि त्यांत परदेशी आणि गोरी नसलेली मुलं घेत नसत. गावातल्या घरमालकांनी सभा भरवून विरोध केला. वेगवेगळ्या वंशांची माणसं, शिवाय मुलं आणि मुली एका छपराखाली राहणार, हे त्यांना सोसवेना. १९३० साली ती इमारत तिथेच उघडली. आज आम्ही ‘स्वागत’ हा शब्द इतका गुळगुळीत करून टाकलाय की कधी काळी परदेशी मुलाला खोली देणं हे भांडण ओढवून घेण्याचं काम होतं, हे विसरायला होतं.

आणि तरी त्या इमारतींच्याही आधी आपली माणसं तिथे जाऊन आली होती. बाबासाहेब आंबेडकर १९१३च्या जुलैत कोलंबियाला पोचले. पहिला आठवडा हार्टली हॉल, मग ११४व्या रस्त्यावरचा कॉस्मॉपॉलिटन क्लब, आणि मग लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. एकापाठोपाठ तीन पत्ते. आम्ही नव्या मुलांच्या फाइलवर पत्ता बदलल्याच्या नोंदी करतो तेव्हा मला हे तीन पत्ते आठवतात. जिथे पाठ टेकवावी अशी जागा सापडेपर्यंत माणूस बिऱ्हाड हलवत राहतो. भथेनांची मैत्री त्यांना जन्मभर पुरली, आणि १९२० साली लंडनचं अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघताना त्यांनी पैसे उसने घेतले ते याच मित्राकडून. रूममेट कोण मिळतो, याला आमच्या लेखी फार तर एका रकान्याएवढं महत्त्व आहे. प्रत्यक्षात त्याच्यावर किती उभं असतं!

आनंदीबाईंची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, पण मी ती या कामात आल्यावर मिसेस कार्पेंटर यांच्या बाजूने नव्याने पाहिली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावची एक गृहिणी दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत असते, समोर पडलेलं मिशनरी मासिक चाळते, त्यात गोपाळरावांच्या पत्राबद्दल वाचते आणि घरी जाऊन एका अनोळखी मुलीला पत्र लिहिते. तेवढ्यावर तीन वर्षं पत्रं जात-येत राहतात, आणि १८८३च्या जूनमध्ये ती मुलगी बोटीतून उतरते तेव्हा तिला घ्यायला बंदरावर ही बाई हजर असते. आनंदीबाई तिला मावशी मानत. ना तिथे कुठला विभाग होता, ना स्वयंसेवकांची यादी, ना प्रशिक्षण. मायदेशी परतल्यावर १८८७ मध्ये आनंदीबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला, आपल्या माणसांच्या रांगेत ठेवल्या. ‘होस्ट फॅमिली’ हा आमच्याकडच्या माहितीपत्रकातला शब्द. त्याच्याखाली दोन ओळी असतात, महिन्यातून एकदा भेटावं, सणाला घरी बोलवावं. मी तो मजकूर दरवर्षी दुरुस्त करते आणि दरवर्षी पोकीप्सीचा तो दगड माझ्या डोळ्यांसमोर येतो.

आता आमच्याकडे सगळं आहे. विमानतळावरची गाडी, ओरिएंटेशन, कोटांचं कपाट, गप्पांचे जोडीदार जमवून देणारा उपक्रम, बुधवारचा कॉफी अवर, वसंतात टॅक्सचे फॉर्म भरायला मदत, कारण एक पैसा कमावला नसला तरी ८८४३ क्रमांकाचा फॉर्म भरावाच लागतो आणि हे नव्या मुलांपैकी कोणालाच माहीत नसतं. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ११ लाख २६ हजारांहून जास्त परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांतले ३ लाख ३१ हजारांवर भारतातले. इतक्या मुलांची विचारपूस एखाद्या कार्पेंटरबाईंवर सोडता येणार नाही, यंत्रणा लागणारच. यंत्रणेवर माझा राग नाही, मी तिच्यातच भाकरी कमावते. पण तिच्यात एक गाठ आहे आणि ती मला अजून सुटलेली नाही. जी व्यक्ती मुलांना ‘काही अडलं तर माझ्याकडे ये’ म्हणते, तीच व्यक्ती सरकारच्या सेव्हिस नावाच्या प्रणालीत त्यांची नोंद ठेवते. सत्र सुरू झाल्यावर तीस दिवसांत नोंदणी, पत्ता बदलला तर मुलांनी दहा दिवसांत कळवायचा आणि तिने तो नोंदवायचा, क्रेडिट्स घटली तर तेही. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांवर काम केलं तर स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून देशात राहण्याचा हक्क, जातं. मुलांना हे पहिल्याच दिवशी आम्हीच सांगतो, मोठ्या पडद्यावर, लाल अक्षरांत. आणि त्याच पडद्यावर पुढच्या पानावर हसरा चेहरा काढून लिहितो की आम्ही तुमच्यासाठी आहोत. एकोणीस वर्षांच्या मुलाने या दोन पानांपैकी कोणतं खरं मानायचं? मी त्याच्या जागी असते तर लाल अक्षरांचं मानलं असतं. पेपर अवघड जातोय हे ज्या बाईला सांगायचं, तिच्याच हातात आपल्याला परत पाठवण्याचं बटण आहे असं वाटत असेल, तर माणूस ‘गुड, गुड’च म्हणेल.

गाठ दुसऱ्या बाजूनेही पाहिलीय मी. २०२०च्या ६ जुलैला सरकारने जाहीर केलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी ८ तारखेला कोर्टात गेले, आणि १४ जुलैला आदेश मागे घेतला गेला. कागदावर आठ दिवस. त्या आठ दिवसांत आमचे फोन बंद झाले नाहीत. आम्ही सगळे घरून काम करत होतो. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पहाटेपर्यंत एकेकाशी बोलत होते आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ‘अजून कळलं नाही’ हे एकच वाक्य शंभर तऱ्हांनी म्हणत होते. एका मुलीने फोन उचलल्यावर म्हटलं, ‘मला माहितीय तुम्हाला माहीत नाही. तरी जरा वेळ फोन चालू ठेवाल का? मी बॅग भरतेय.’ मी फोन चालू ठेवला. पलीकडून हँगरचे, चेनचे, कप्पे उघडण्या-मिटण्याचे आवाज येत राहिले. वीस-पंचवीस मिनिटांनी ती म्हणाली, ‘झालं,’ आणि ठेवला. त्या उन्हाळ्यात मी केलेल्या कामांत ते एक काम मला खरं वाटतं. आणि त्याची नोंद करायला आमच्या तक्त्यात जागा नव्हती.

जिथे जागा असते ते उपक्रम फोटोत छान येतात. नोव्हेंबरात इंटरनॅशनल एज्युकेशन वीक असतो. मोठ्या सभागृहात टेबलं मांडतो, प्रत्येक टेबलावर एका देशाचा झेंडा आणि झेंड्यामागे त्या देशाचा विद्यार्थी. मला हा दिवस आवडतो. एरवी मान खाली घालून चालणारी मुलं त्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून ताठ उभी असतात, आणि ते बघून पोटातून बरं वाटतं. पण एकदा मी मंगोलियाच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून तासभर बसले होते. येणारा प्रत्येक जण त्या मुलीला विचारत होता की तिकडे थंडी किती असते. ती प्रत्येकाला तितक्याच उत्साहाने आकडा सांगत होती. ती मातीच्या यंत्रशास्त्रावर संशोधन करत होती. गोठलेली जमीन वितळताना तिच्यावरच्या रस्त्यांचं काय होतं, यावर. म्हणजे थंडीचा तो प्रश्न तिच्या संशोधनाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन रोज माघारी जात होता. एकानेही ‘आणि तू इथे काय करतेस?’ एवढं विचारलं असतं तर ती रात्रभर बोलली असती. मीही ते विचारलं टेबलं आवरताना, झेंड्याची काठी तिच्या हातातून घेताना.

आमचा सगळा जोर ऑगस्टवर असतो. पैसा, माणसं, फुगे, टी-शर्ट, सगळं ऑगस्टमध्ये. पण ऑगस्टमध्ये मुलांना आमची गरज त्या मानाने कमी असते, तेव्हा त्यांच्या अंगात येण्याचीच झिंग असते. १९५५ मध्ये स्वेर्रे ल्युसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकाने अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेहून जास्त नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, दीड वर्षावर राहिलेलेही बरे होते, मधले खचलेले होते. त्यावरून इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची ती रेषा आली, ती आम्हाला प्रशिक्षणात दाखवतात. पुढच्या अभ्यासकांनी तिच्यात पुष्कळ खोट काढली, आणि माझ्या अनुभवातही कोणाचीच रेषा इतकी गोंडस नसते. तरी एवढं खरं की खड्डा नंतर येतो. पहिल्या परीक्षेचे गुण येतात, दिवस लहान होतात, चारला अंधारायला लागतं, घरच्यांना ‘सगळं मस्त’ सांगून सांगून घसा कोरडा पडतो. मग थँक्सगिव्हिंगची सुट्टी येते, अमेरिकन मुलं घरी जातात, कुठे कुठे वसतिगृहंही बंद करतात, आणि ज्याला जायला घर नाही तो कोणाच्या तरी सोफ्यावर चार रात्री काढतो. तोवर आमचे फुगे कधीच फुटलेले असतात.

आणि ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं, त्यांचं काय? विद्यार्थ्यांच्या बायका, काहींचे नवरे. एफ-२ व्हिसावर आलेल्यांना नोकरी करता येत नाही. आमच्याकडे मंगळवारी सकाळी त्यांच्यासाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालतो, गावातल्या दोन वयस्कर बायका पदराला खार लावून चालवतात. एका मंगळवारी मी तिथे गेले तेव्हा ‘मी आज सकाळी काय केलं’ यावर प्रत्येकीने बोलायचं होतं. एक बाई, आपल्या देशात आठ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेली, उभी राहिली. शब्द शोधत म्हणाली, ‘मी सकाळी... खिडकी उघडली. मग... खिडकी लावली.’ आणि बसली. शिकवणाऱ्या बाईंनी व्याकरण तपासलं नाही. त्या म्हणाल्या, ‘खिडकीतून काय दिसलं?’ ती परत उभी राहिली आणि पाच-सहा मिनिटं बोलली. मोडकं, चुकतमाकत, हातवारे करत. कचऱ्याची गाडी, एक म्हातारा आणि त्याचा लंगडा कुत्रा. वर्ग सुटल्यावर ती जिन्यावरून उतरताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. बहुधा राहून गेलेली वाक्यं.

आपल्या भाषेत ‘विचारपूस’ हा शब्द आहे. विचारणं आणि पुसणं, दोन्हींचा अर्थ एकच, तरी भाषेने ते जोडून ठेवलेत. पहिल्या प्रश्नाला माणूस ‘बरं आहे’ म्हणतो. ते शिष्टाचाराचं उत्तर. म्हणून पुन्हा पुसायचं. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या उपक्रमांत पहिला अर्धा शब्द चोख आहे. प्रश्नावल्या आहेत, सर्व्हे आहेत, एक ते पाचपैकी समाधान किती ते विचारलं जातं. दुसऱ्या अर्ध्यासाठी कोणालातरी थांबावं लागतं, आणि थांबायला वेळ लागतो. एकेका ॲडव्हायझरकडे काहीशे फायली असताना तो वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न मी वरच्यांना विचारत आलेय. तो मी सोडणार नाही.

त्या मुलाला मी बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्याला काय झालंय हे माहीत नव्हतं, नऊ क्रेडिट्स म्हणजे अभ्यासाचा ताण कमी एवढंच त्याच्या डोक्यात. मी समजावून सांगितलं तसा त्याच्या चेहऱ्यावरून रक्त उतरत गेलं. तो रडला नाही. त्याने सॅकचे पट्टे धरले, सॅक पाठीवर नव्हती, तरी हात तिथे गेले. आम्ही स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज केला. ज्या सवलतीला ॲडव्हायझरची परवानगी मिळू शकली असती ती न विचारता घेतली, एवढीच चूक असेल तर तसं मांडता येतं, आणि मी पत्रात तसं मांडलं. निकाल यायला सात महिने लागले. तोवर त्याला ग्रंथालयातली आठवड्याला दहा तासांची नोकरी सोडावी लागली, घरी जाता आलं नाही. बहिणीचं लग्न त्याने फोनवर पाहिलं, आमच्या ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीत, कारण तिथलं नेट चांगलं होतं. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर थांबले.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी त्याला विचारलं, ‘त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तू काय सांगणार होतास?’ त्याला तो दिवस आठवेना. मी वर्णन केलं, फायली, निसटलेला कागद. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘खरंच आठवत नाही. तेव्हा मी कोणालाही काहीही सांगितलं असतं.’

गेल्या ऑक्टोबरपासून मी कॉरिडॉरमध्ये, त्याच कोपऱ्यापाशी, दोन खुर्च्या ठेवल्यात. बुधवारी दुपारी दोन तास मी तिथे बसते. कॉम्प्युटर नाही, फाइल नाही, गळ्यातलं ओळखपत्रही काढून ठेवते. कुठल्या पत्रकात हे छापलेलं नाही. पहिले तीन बुधवार कोणी बसलं नाही. मुलं हसून ‘हाय’ म्हणून पुढे जात, मीही हसत असे. चौथ्या बुधवारी एक मुलगी दोनदा समोरून गेली, नोटीस बोर्ड वाचल्यासारखं केलं, तिसऱ्यांदा आली आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर पाऊस असावा, तिच्या अंगावरच्या कोटाचे खांदे भिजलेले होते. गडद निळा कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. आपल्या कपाटातलाच असेल का, हा विचार आला, तो मी बाजूला सारला.

‘मला तसं काही विचारायचं नाहीये,’ ती म्हणाली.

‘बस ना,’ मी म्हटलं.